जुनी दुचाकी, नवा स्वार

यवतमाळ, खास प्रतिनिधी

दसऱ्याच्या सकाळी जिल्ह्यातील कोणत्याही गावात फेरफटका मारला, तर घरोघरी धुऊन-पुसून उभ्या केलेल्या दुचाकी दिसतात. हॅण्डलला झेंडूचा हार, टाकीवर हळदी-कुंकवाची बोटे, चाकाखाली लिंबू. त्यातील कित्येक गाड्यांचे वय त्यांच्या स्वाराच्या वयाच्या आसपास असते. वडिलांनी वापरलेली, मग काकांकडे गेलेली, मध्येच दारव्ह्याच्या किंवा उमरखेडच्या एखाद्या ओळखीच्याला विकलेली अशी तीन-चार हातांतून फिरलेली गाडी कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला येते. पूजा मनोभावे होते. मात्र त्या पूजेत ब्रेकची सळई, चेनचा ताण आणि नोंदणी पुस्तिकेवरील नाव या तीन गोष्टींकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

जिल्ह्याचा विस्तार पाहता दुचाकी ही येथे चैन नाही. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा उत्तरेकडे वर्धा नदीपासून दक्षिणेला पैनगंगेपर्यंत पसरला आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची ‘शकुंतला’ बंद पडली आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा खेड्यातून तालुक्याला जाण्यासाठी दुचाकीखेरीज दुसरा आधार अनेकांना नव्हता. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी घेतली जाते, आणि ती घेणारा बहुधा शिकाऊच असतो. जुने यंत्र आणि कच्चा हात असे हे दुहेरी जोखमीचे गणित आहे. ते सुटण्यासारखे आहे. फक्त त्यासाठी थोडी माहिती आणि महिन्यातून तासभर वेळ लागतो.

प्रस्तुत लेखकाने ही माहिती उशिरा मिळवली. पत्रकारितेची पदविका घेऊन नोकरीला लागल्यावर एका परिचिताकडून चौदा वर्षे वापरलेली शंभर सीसीची गाडी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात पुसदकडच्या एका उतारावर मागचा ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी थांबेना. बाजूच्या मुरमात गाडी घातली म्हणून गुडघ्यावरच निभावले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मागच्या चाकाच्या ब्रेक-प्लेटवरचा एक लहानसा बाण दाखवला. ब्रेकचे लायनर किती झिजले हे सांगणारा तो बाण आपली खूण केव्हाच ओलांडून गेला होता. तो तेथे आहे, हेच ठाऊक नव्हते. हा लेख त्या बाणापासून सुरू झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

घेण्यापूर्वी पाहावे असे काही

जुनी गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असतानाच जावे. विकणाऱ्याने आधीच गाडी सुरू करून ठेवली असेल, तर ती थंड होईपर्यंत थांबावे. तापलेले इंजिन आपले आजार लपवते. चोक ओढून दोन-तीन किकमध्ये गाडी सुरू झाली, आणि थोड्या वेळाने चोक बंद केल्यावरही ती एका लयीत चालत राहिली, तर पहिली परीक्षा पार पडली असे समजावे.

त्यानंतर सायलेन्सरच्या धुराकडे पाहावे. थंडीच्या दिवसांत सुरुवातीला किंचित पांढरी वाफ दिसते, ती लगेच नाहीशी होते. त्यात काळजीचे कारण नाही. निळसर, उग्र वासाचा धूर सतत येत असेल, तर इंजिन ऑइल जळत आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत, आणि लवकरच ‘बोअर’चा खर्च येणार, असा त्याचा अर्थ. काळा धूर हे पेट्रोल जास्त जात असल्याचे लक्षण आहे. तो दोष बहुधा कार्बोरेटर आणि एअर फिल्टरच्या साफसफाईने दूर होतो. मात्र यामाहा आरएक्स १००, राजदूत किंवा येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांना हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. त्यांच्यात पेट्रोलबरोबर तेल जळतच असते, त्यामुळे थोडा निळा धूर स्वाभाविक असतो.

गाडी मधल्या स्टॅण्डवर उभी करून पुढचे चाक अधांतरी ठेवावे आणि हॅण्डल सावकाश दोन्हीकडे वळवावे. मध्यभागी येताच ते खाचेत अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेट गेला आहे. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. खडखड झाल्यास बेअरिंग किंवा मागच्या फोर्कचे बुश झिजलेले असतात. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओलावा दिसला, तर सील फाटले आहे. टाकीचे झाकण उघडून आत विजेरी मारावी; गंज दिसला तर तो आज ना उद्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकणार हे निश्चित. शेवटी दूरवरून चेसिसच्या सरळपणावर नजर टाकावी. अपघातात वाकलेली चेसिस ठोकून सरळ केलेली असली, तरी दोन्ही चाके एका रेषेत येत नाहीत, आणि हात सैल सोडताच गाडी एका बाजूला ओढते.

दुचाकीचे वय किलोमीटरच्या काट्यावरून ठरवू नये. काट्याची वायर तुटलेली असणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. पायठेवणीचे रबर, किकचा दात, ब्रेकच्या पायडलची झीज आणि सीटचा फोम हे अधिक खरे बोलतात. १९९४ मध्ये बाजारात आलेली हीरो होंडा स्प्लेंडर किंवा २००४ मधील बजाज सीटी १०० यांसारख्या साध्या चार-स्ट्रोक गाड्या नवशिक्याला सोयीच्या ठरतात, त्या त्यांच्या वेगामुळे नव्हे. त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि त्यांचे इंजिन जवळजवळ प्रत्येक मिस्त्रीने कधी ना कधी उघडलेले असते. एखाद्या दुर्मीळ गाडीचा मोह मोठा असतो. पण तिची क्लच-प्लेट नागपूरहून येईपर्यंत आठवडाभर पायी चालण्याची तयारी हवी.

कागद हा गाडीचाच भाग

इंजिन चांगले असूनही गाडी घेऊ नये असे एक कारण असते. ते म्हणजे अपुरी कागदपत्रे. नोंदणी पुस्तिकेवरील चेसिस आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहावेत. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला क्रमांक दिसताच तेथून निघावे. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकल्यास नोंदणीची मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा कळतो. बोजा असेल, तर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ मिळाल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. मुदत संपली की गाडी आपोआप भंगारात जाते, असा समज दिल्लीच्या बातम्या वाचून अनेकांनी करून घेतला आहे. पंधरा वर्षांपुढील पेट्रोल वाहनांवरचे ते निर्बंध राजधानी परिसरापुरते आहेत. आपल्याकडे नमुना २५ भरून, गाडी परिवहन कार्यालयात तपासणीस नेऊन आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. मात्र ही वाढ आता स्वस्त राहिलेली नाही. एप्रिल २०२२ पासून दुचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क एक हजार रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढील दुचाकींसाठी ते दोन हजार करण्यात आले. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवणेही बंधनकारक आहे. गाडीचा भाव ठरवताना हे सारे खर्च बेरजेत धरले पाहिजेत.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे नाव बदलणे. ‘सही केलेले कागद आहेत, मग बघू’ या एका वाक्यावर जुन्या गाड्यांचा निम्मा बाजार चालतो. कायद्यानुसार विकणाऱ्याने राज्यांतर्गत व्यवहाराची सूचना चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. मूळ मालक मृत्यू पावला असेल, तर वारसाने तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ सादर करायचा असतो. वडील गेल्यानंतरही वर्षानुवर्षे त्यांच्याच नावावर फिरणाऱ्या गाड्या गावोगाव आहेत, म्हणून हे आवर्जून सांगितले पाहिजे.

नाव न बदलल्याने काय बिघडते? फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वाहन प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेले असो, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर राहते. म्हणजे गाडी विकून मोकळा झालो असे मानणारा शेतकरी चार वर्षांनी न्यायाधिकरणापुढे उभा राहू शकतो. घेणाऱ्याचेही नुकसान तितकेच मोठे आहे. विम्यातील पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे ‘मालक-चालका’साठी असते. गाडी दुसऱ्याच्या नावावर असताना स्वार दगावला, तर त्याच्या घरच्यांच्या हाती त्यातले काही पडण्याची आशा धरता येत नाही. नावाच्या बदलासाठी परिवहन कार्यालयात घालवलेली एक दुपार एखाद्या कुटुंबाला उघड्यावर येण्यापासून वाचवू शकते.

तृतीय पक्ष विम्याचेही तसेच. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वार्षिक हप्ता कर वगळून ७१४ रुपये आहे. दिवसाला दोन रुपयांच्या या खर्चासाठी टाळाटाळ करणे शहाणपणाचे नव्हे.

देखभालीचा क्रम

गाडी घरी आली, की पूर्वीच्या मालकाने काय केले याची चौकशी करण्यात वेळ न घालवता काही गोष्टी नव्याने करून घ्याव्यात : इंजिन ऑइल, एअर फिल्टर, प्लग, क्लच आणि ब्रेकच्या वायरी, पेट्रोलची रबरी नळी. यांचा खर्च मोठा नसतो. पण त्यामुळे आपल्या हिशेबाला एक निश्चित आरंभ मिळतो. त्या दिवसाची तारीख आणि काट्यावरचा आकडा एका छोट्या वहीत लिहून ठेवावा. काटा बंद असेल, तर तो आधी दुरुस्त करावा.

इंजिन ऑइल : मोटारीत गिअरचे तेल वेगळे असते. बहुतेक चार-स्ट्रोक दुचाकींत इंजिन, क्लच आणि गिअर हे तिन्ही एकाच तेलात भिजलेले असतात. लहान गाडीत ते जेमतेम लिटरभर असते, म्हणून लवकर थकते. जुन्या गाडीत दोन ते अडीच हजार किलोमीटरला ते बदलणे हिताचे. मोटारीचे तेल दुचाकीत घालू नये, कारण त्यातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच घसरू लागतो. दर रविवारी, गाडी सपाट जागी उभी करून, मोजपट्टीने तेलाची पातळी पाहावी. पातळी उतरत असेल आणि खाली डाग नसेल, तर तेल जळत आहे हे उघड आहे.

एअर फिल्टर : जिल्ह्यातील धूळ ही साधी धूळ नव्हे. वणी परिसरात कोळशाची भुकटी, उन्हाळ्यात काळ्या मातीचा फुफाटा आणि गावरस्त्यांवर मुरमाचा चुरा असतो. फिल्टर चोंदला, की इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळते. गाडी ओढत नाही आणि सरासरीही घटते. फाटलेला फिल्टर तर त्याहून वाईट, कारण तीच धूळ सिलिंडरमध्ये शिरून पिस्टनवर कानशीसारखी फिरते. स्पंजचा फिल्टर धुता येतो, कागदी फिल्टर मात्र झटकून वापरावा आणि मुदत संपताच बदलावा.

प्लग : प्लग काढून त्याचे टोक पाहणे हे इंजिनाची जीभ पाहण्यासारखे आहे. विटकरी किंवा फिकट कॉफीसारखा रंग हे आरोग्याचे लक्षण. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओलसर काळे तेल म्हणजे रिंगांची तक्रार. पांढुरकेपणा म्हणजे इंजिन वाजवीपेक्षा तापते आहे. बहुतेक शंभर सीसी गाड्यांत ठिणगीची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात. एक सुटा प्लग आणि त्याचा पाना सीटखाली असलाच पाहिजे.

चेन : चेनच्या खालच्या भागाच्या मध्यावर बोट लावून ती वर-खाली करावी, साधारण २० ते ३० मिलिमीटरचा झोल योग्य समजला जातो. सैल चेन निसटून मागचे चाक अडकवू शकते, तर फार ताणलेली चेन गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते. ताण देताना मागच्या फोर्कच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असल्याची खात्री करावी; नाहीतर चाक तिरके बसते. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळले असतील, तर नवी चेन एकटी घालण्यात अर्थ नाही. संपूर्ण संच बदलावा. चिखलातून आल्यावर चेन ब्रशने साफ करून तेल द्यावे. मळलेल्या चेनवर तेल ओतल्यास मातीचा लेपच तयार होतो.

ब्रेक : ड्रम ब्रेक घट्ट करता येतो, म्हणून तो कायम चालेल असे वाटते. सळईवरचा नट फिरवत नेला की पायडल पुन्हा वर येते. प्रत्यक्षात लायनर पातळ होत गेलेला असतो. म्हणूनच तो बाण महत्त्वाचा. ब्रेक पूर्ण दाबून पाहावे. बाण खुणेला टेकला असल्यास लायनर त्याच दिवशी बदलावेत. ड्रम उघडल्यावर आतील भुकटी तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

टायर : टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या आपल्या भागात नक्षी शाबूत असूनही रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. बाजूंना बारीक चिरा दिसल्या, की नक्षीकडे पाहू नये. हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना एकट्या स्वारासाठी पुढे २५ आणि मागे २८ पौंड पुरते. मागे माणूस किंवा ओझे असल्यास मागची हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे वाढवावी.

पेट्रोल : आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्या त्यासाठी घडवलेल्या नव्हत्या. काही जुन्या वाहनांत दीर्घ वापरानंतर, सुमारे २० ते ३० हजार किलोमीटरनंतर, रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये मान्य केले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात गाडी महिनाभर अर्ध्या टाकीने उभी राहिली, तर ते पाणी तळाशी बसून गंज धरतो. त्यामुळे उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी भरलेली असावी, पेट्रोलचा कॉक बंद ठेवावा आणि कार्बोरेटरच्या वाटीतील पेट्रोल काढून टाकावे. रबरी नळी दाबून पाहावी. ती फुगलेली, चिकट किंवा चिरलेली असेल, तर लगेच बदलावी. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रणच.

हाताला आणि पायाला वळण

परवाना नसताना जुन्या गाडीवर शिकणे हा गावाकडचा शिरस्ता आहे. तो मोडला पाहिजे. गिअरच्या दुचाकीसाठी वय अठरा पूर्ण हवे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. शिकाऊ परवान्यावर प्रशिक्षक वगळता कोणालाही मागे बसवता येत नाही.

पहिले काही दिवस मोकळे मैदान पुरेसे आहे. इंजिन सुरू करून पहिल्या गिअरमध्ये, एक्सलरेटर न फिरवता, केवळ क्लच सावकाश सोडत गाडी पुढे सरकू द्यावी. क्लच ज्या बिंदूपाशी पकड घेतो, तो बिंदू बोटांना कळणे हाच पहिला धडा आहे. जुन्या गाडीत वायर ताणलेली असल्याने हा बिंदू प्रत्येक गाडीत वेगळा असतो. गिअरची रचनाही सारखी नसते. काहींत सारे गिअर एकाच दिशेने पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात, तर जुन्या बुलेटमध्ये गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. मित्राची गाडी चालवता येते म्हणून आपलीही येईल, असे गृहीत धरू नये.

ब्रेकविषयी एक गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे : पुढचा ब्रेक दाबला की माणूस पडतो. वस्तुस्थिती अशी, की ब्रेक लावताच गाडीचा आणि स्वाराचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याची मुख्य ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. मागचे चाक त्या वेळी हलके होते आणि नुसता मागचा ब्रेक दाबल्यास ते घसरते. दोन्ही ब्रेक एकत्र, पण पुढचा टप्प्याटप्प्याने घट्ट करत लावणे हा योग्य मार्ग आहे. वळणावर, वाळूवर आणि ओल्या मातीवर मात्र पुढचा ब्रेक आवळू नये. वेग वळणापूर्वीच कमी केलेला असावा. एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक किंवा एबीएस प्रणाली सक्तीची झाली. जुन्या गाडीत यातले काहीच नाही. तेथे ही प्रणाली म्हणजे स्वाराचा हात आणि पाय.

वेगाचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला आणि ब्रेक बऱ्यापैकी असले, तर ती साधारण २३ मीटरवर थांबते. वेग ६० असेल, तर हेच अंतर ४४ मीटर होते. वेग दीडपट झाला, पण थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले. झिजलेल्या लायनरची त्यात भर पडली, की ते किती होईल याचा अंदाज न केलेलाच बरा.

रात्र, पाऊस आणि कापूस

जुन्या लहान गाड्यांपैकी अनेकांचा पुढचा दिवा बॅटरीवर नव्हे, तर थेट इंजिनाच्या मॅग्नेटोवर चालतो. वेग कमी झाला, की दिवाही मंदावतो. म्हणजे खड्डा चुकवण्यासाठी गाडी हळू करावी, तर नेमका तेव्हाच तो दिसेनासा होतो. दिव्याची काच आतून पिवळी पडली असेल, तर ती बदलावी आणि शक्यतो सूर्यास्तापूर्वी घर गाठावे. पांढरकवड्याकडे टिपेश्वरच्या परिसरात, तसेच रानालगतच्या प्रत्येक रस्त्यावर संध्याकाळी रोही आणि रानडुकरे आडवी येतात. एक रोही रस्ता ओलांडून गेला, की दुसरा मागे असतोच, हे ध्यानात ठेवावे.

हिवाळ्यात कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. कापूस दोन्ही बाजूंनी ओसंडलेला, मागे दिवा नाही. समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रकाशात डोळे दिपलेल्या स्वाराला ती ट्रॉली अखेरच्या क्षणी दिसते. अशा वेळी समोरच्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी आणि वेग निम्मा करावा. पावसाळ्यात काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी गच्च बसते, की चाक फिरेनासे होते. जोर लावून गाडी दामटल्यास क्लच जळतो. उतरून काडीने माती काढणे हाच उपाय. पुलावरून पाणी वाहत असेल, तर थांबावे. पाण्याचा जोर अंदाजापेक्षा नेहमी अधिक असतो, आणि हलक्या गाडीला ते सहज ओढून नेते.

हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे हवे, त्याचा पट्टा लावलेला हवा आणि ते मागे बसणाऱ्यालाही हवे. मागे बसणाऱ्या आईचा किंवा बहिणीचा पदर, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून चाकाची जाळी बसवलेली असावी. जुनी गाडी घेताना ही जाळी बहुधा गायब असते. साइड-स्टॅण्ड वर केल्याची खात्री करूनच गाडी हलवावी, कारण तो खाली असेल तर पहिल्याच वळणाला गाडी आडवी होते.

मिस्त्रीशी नाते

सारेच स्वतः करावे, असे नाही. तेलाची पातळी, हवा, चेन, प्लग, वायरींचे ग्रीस आणि ब्रेकचा बाण एवढे स्वाराने पाहावे. व्हॉल्व्हची फट, कार्बोरेटरचे जेट, क्लच-प्लेट आणि बेअरिंग मिस्त्रीवर सोपवावे. एकच मिस्त्री धरावा, त्याच्याजवळ बसून काम पाहावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. चांगला मिस्त्री त्याचा राग मानत नाही. उलट झीज कोठे आहे ते बोट ठेवून दाखवतो. ‘चालून जाईल’ हा शब्द ज्याच्या तोंडी ब्रेकबाबतही येतो, तेथे दुसऱ्यांदा जाऊ नये.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे लोणी-हळदीने मळून शेकतात. वर्षभर जूं वाहिलेल्या खांद्यावर कोठे व्रण आहे, कोठे सूज आहे, हे त्या निमित्ताने धन्याच्या हाताला कळते. जुन्या दुचाकीलाही अशीच हात फिरवून घेण्याची गरज असते, आणि तीही वर्षातून एकदा नव्हे. येत्या दसऱ्याला हार घालण्यापूर्वी मागच्या चाकापाशी खाली बसावे, ब्रेक दाबावा आणि तो लहानसा बाण कोठे येतो ते पाहावे. त्यानंतर केलेली पूजा अधिक फळेल.